संध्याकाळचं तेल

कौशल्याबाईंच्या उजव्या हाताची बोटं सकाळी सहा वाजता अर्धीच उघडत. साडेसहाला ती कपाच्या कानात जाण्याइतकी सरळ होत, सातला पदर खोचता येण्याइतकी. आठ वाजता, ओट्यावर उन्हात बसून आल्यावर, करंगळी सोडून बाकीची चार जवळजवळ पूर्ण उघडत. करंगळी तशीच राही.

मयुरीने हे मोजून ठेवलं होतं. संधिवाताची गोळी सुरू होण्याआधी सासूबाईंची मूठ दुपारपर्यंत सुटत नसे. गोळी लागू पडली तेव्हा पाऊण तासावर आलं. दोन महिन्यांपूर्वी रक्ताच्या तपासणीत यकृताचे आकडे वाढलेले निघाले म्हणून डॉक्टरांनी गोळी निम्मी केली, आणि आता पुन्हा दोन तास लागत होते. आज परत सेवाग्रामला दाखवायला जायचं होतं. आकडे उतरले असतील तर गोळी पूर्ववत होणार होती. नसतील तर काय, ते डॉक्टरांनी मागच्या वेळी सांगितलं नव्हतं, आणि दोघींपैकी कोणी विचारलंही नव्हतं.

निघण्याआधी तिने भाजी फोडणीला टाकली. स्वयंपाकाच्या ओट्याखालून किटली ओढली, झाकण काढलं, पळीभर तेल कढईत घातलं. तेल कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं. मोहरी पडली की वर फेस यायचा आणि लवकर खाली बसायचा नाही. ताज्या तेलाचा फेस असा रेंगाळत नाही. हे ती रोज बघत होती आणि रोज पुढची पळी घालत होती.

ते तेल दुकानातून यायचं. तिच्या सासऱ्यांचं, मोतीलालजींचं, सेलूच्या बस स्टँडसमोर नाश्त्याचं दुकान होतं. आलूबोंडा, समोसा, मिरची भजी, सकाळी तर्री-पोहे. दुकानावर पाटी होती, ‘रोज ताजे तेल’, आणि ती पाटी खरी होती. पहाटे पाच वाजता मोतीलालजी स्वतः कढई घासून कोरडी करत आणि नवा पुडा फोडत. दिवसभर त्यात घाणे निघत. चार वाजता भट्टी बंद झाली की कढईत उरलेलं पाव-अर्धा लिटर तेल निवू द्यायचं, मलमलच्या फडक्यातून गाळायचं, दुधाच्या जुन्या किटलीत भरायचं आणि घरी पाठवायचं. दुसऱ्या दिवशीच्या कढईत त्यातला थेंबही पडत नसे. वरणाची फोडणी, भाजी, पोळीला लावायचं तेल, सगळं घरी त्या किटलीतलं. मोतीलालजींच्या आईच्या वेळेपासून असंच चालत आलं होतं.

दुकानाचं तळलेलं मात्र घरात कोणी खायचं नाही, असा मोतीलालजींचा दंडक होता. आपलाच माल आपण तोंडात टाकू लागलो तर दुकान बसायला वेळ लागत नाही, असं ते म्हणत. म्हणजे ताज्या तेलातला बोंडा गिऱ्हाइकाने खायचा आणि दिवसभर उकळलेल्या तेलातलं वरण घरच्यांनी. हे असं सरळ वाक्यात मयुरीने मनात किती वेळा मांडलं असेल. तोंडाने एकदाही नाही.

ती बी.एस्सी. झालेली. लग्न होऊन या घरात आली त्याला अकरा वर्षं झाली, आणि तेव्हापासूनच ती गावातल्या शाळेत विज्ञान शिकवत होती. लग्नाला दोन वर्षं झाली असताना एका रविवारी तिने शाळेच्या प्रयोगशाळेत दोन बाटल्या नेल्या होत्या. एकीत ताजं तेल, दुसरीत किटलीतलं. दोन्ही अल्कोहोलात मिसळून, वर फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब टाकून, ब्युरेटच्या नळीतून अल्कली सोडत तिने आम्ल किती आहे ते तपासलं. ताजं तेल अल्कलीच्या पाच-सहा थेंबांत गुलाबी झालं. किटलीतलं होईचना. ब्युरेटमधली पातळी उतरत राहिली आणि द्रावण पिवळटच. तिने तीन वेळा केलं, कारण एकदा केलेल्यावर विश्वास ठेवायची तिला सवय नव्हती. तिन्ही वेळा आकडा ताज्या तेलाच्या आठ-नऊपट आला.

तो कागद तिने नवऱ्याला, धीरजला, दाखवला होता. धीरजने कागद नीट बघितला, उलटाही करून बघितला.

“मंग किती पाह्यजे?”

“अर्ध्याच्या आत. हे अडीचच्या वर आहे. आणि हा नुसता आम्लाचा आकडा. तेल तळून तळून त्यात आणखी काय काय होते ते माझ्याच्यानं शाळेत मोजणं होत नाई.”

“मी बोलतो बाबाशी. तू नको बोलू. तू बोलली तं त्याइले वाटन सून आली अन् घराले नावं ठेवून राह्यली.”

ते त्याचं बोलणं नऊ वर्षं राहिलं. धीरज काही वाईट माणूस नव्हता. त्या वर्षी मोतीलालजींचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं. मग नणंदेचं लग्न. मग दुकान रस्ता रुंदीकरणात मागे सरकवावं लागलं. मग कौशल्याबाईंचे हात. दर वेळी न बोलण्याला एक खरं कारण होतं, आणि मयुरीला त्या कारणांचीही हळूहळू सवय झाली. चार वर्षांपूर्वी सासूबाईंना हातात कढईची कडी धरवेना तेव्हा स्वयंपाक तिच्याकडे आला. त्यानंतर ते तेल पळीने घालणारी तीच होती.

सासूबाईंचा आजार तेलाने झालेला नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठतं असा तो आजार, त्यांच्या आईलाही होता. आपला मुद्दा खरा करण्यासाठी खोटं बोलणं तिला जमलं नसतं. पण अंगात आधीच सूज घर करून बसलेली असताना वरून रोज असं तेल आणि दिवसभराच्या चहाची साखर घालत राहणं म्हणजे त्या सुजेला पोसणं, आणि यकृतावर चरबी चढवणं. एवढं ती कोणासमोरही म्हणू शकली असती. म्हटलं नव्हतं.

सेवाग्रामला नंबर लागायला दोन वाजून गेले. डॉक्टर तरुण होती, बोलायला नीट. रिपोर्ट वाचताना तिने पेन टेबलावर ठेवलं, तेव्हाच मयुरीला कळलं.

“आजी, आकडे उतरले नाहीत. थोडे वाढलेतच. सोनोग्राफीतही लिव्हरवर चरबी दिसते आहे. सहा आठवडे अजून निम्माच डोस चालवू. तोपर्यंत खाणं-पिणं सुधारून आकडे खाली आले तर ठीक. नाही आले तर ही गोळी मला बंद करावी लागेल.”

“मंग दुसरी देजो,” कौशल्याबाई म्हणाल्या.

“दुसऱ्या दोन देऊन झाल्या ना तुम्हाला. एकीनं अंगावर पुरळ उठलं, एकीचा उपयोग झाला नाही. तुम्हाला मानवलेली हीच.” डॉक्टर पुढे वाकली. “खाणं कसं असतं रोजचं?”

“घरचंच. बाहेरचा एक दाना नाई.”

“तळलेलं?”

“दुकान तळनाचंच हाय बापा आमचं. पण आमी तोंडात नाई टाकत.”

“आणि चहा?”

“दोन.”

मयुरीने मान वळवून सासूबाईंकडे बघितलं. कौशल्याबाई समोर बघत होत्या, अगदी शांत.

“तुम्ही सून ना? स्वयंपाक तुम्ही करता?” डॉक्टरने विचारलं.

“हो.”

“तेल कुठलं वापरता?”

भिंतीवर यकृताचं चित्र होतं, रंगीत. शेजारच्या खोलीत कोणीतरी नंबर पुकारत होतं. मयुरीच्या तोंडात सगळं वाक्य तयार होतं, कर्ता-कर्म-क्रियापदासकट.

“सोयाबीनचं,” ती म्हणाली.

“बरं. चालेल. फक्त कमी घाला,” असं म्हणून डॉक्टरने ते लिहून घेतलं.

उत्तर चुकीचं नव्हतं. शाळेत एखाद्या पोरीने असं उत्तर लिहिलं असतं तर तिने पूर्ण गुण दिले असते आणि त्या पोरीकडे जरा वेळ बघितलं असतं.

वर्ध्याहून सेलूच्या बसमध्ये दोघींना जागा मिळाली. कौशल्याबाईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते, एकावर एक. बराच वेळ त्या बाहेर कपाशीकडे बघत राहिल्या.

“काय वं, गोळी बंद केली तं हात गोळीच्या आधीसारखा होईन का?”

“डॉक्टर म्हणाल्या ना, अजून सहा आठवडे आहेत.”

“ते मी आयकलं. मी इचारून राह्यली, होईन का?”

“होईल,” मयुरी म्हणाली. मग थांबून, “हळूहळू बोटं वाकून राहतील. मग परत सरळ नाई होत ते.”

कौशल्याबाईंनी मान हलवली. भाव सांगितल्यावर हलवावी तशी.

“आई, चहा दोन सांगितला तुम्ही.”

“दोनच तं घेतो.”

“सकाळी एक, दुपारी एक. अन् दुकानात गल्ल्यावर बसल्या की?”

“ते अर्धे अर्धे असते वं. कोनी एजंट आला, कोनी पाव्हना आला. अर्धा काय च्या असते का?”

“सहा-सात अर्धे होते रोज. दोन-दोन चमचे साखरेचे.”

“मंग डॉक्टरीनले काय सांगू, साडेपाच पेतो म्हनून? हासन ना ते.” कौशल्याबाई स्वतःच हसल्या. मग हसू उतरलं. “सोडतो अर्धे. आजपासून सोडले, जा.”

इतक्या सहज. मयुरीला त्या क्षणी फार थकल्यासारखं झालं. सहा-सात अर्धे चहा एका वाक्यात सुटले आणि एक किटली अकरा वर्षांत सुटली नव्हती, कारण तिच्याबद्दल कोणी वाक्यच बोललं नव्हतं.

स्टँडवर उतरल्या तेव्हा साडेचार होऊन गेले होते. दुकानातली भट्टी बंद झालेली. धीरज गल्ल्यावर, मोतीलालजी कढईपाशी स्टुलावर बसून फडक्यातून तेल गाळत होते. पाठ वाकलेली, हात मात्र स्थिर. सत्तरीला आलेल्या माणसाचा हात इतका स्थिर मयुरीने दुसरा पाहिला नव्हता. दुकानासमोर कैलासचा छोटा टेम्पो उभा होता, मागे निळे कॅन. कैलास हॉटेलांमधलं वापरलेलं तेल गोळा करायचा. दर पंधरा दिवसांनी तो इथे थांबे आणि दर वेळी रिकाम्या हाताने जाई.

“बसा काकू, बसा,” तो कौशल्याबाईंना म्हणाला आणि पुन्हा मोतीलालजींकडे वळला. “सेठजी, कितीक दिवस नाई म्हनान? फॅक्टरीत जाते ना माल. त्याचं डिझेल बनते.”

“तुही फॅक्टरी पाह्यली मी,” मोतीलालजी फडकं पिळत म्हणाले. “चार चाकाची हाय. हायवेवर उभी राह्यते अन् भजे काढते.”

“काऊन गरिबाची बदनामी करता, सेठजी?”

“नावं सांगू का गाड्यांचे? तू त्याइले इकतं. ते लोकं त्याच्यात नवं तेल टाकते अन् पुन्हा उकयते. माह्या कढईतलं जयलेलं तेल परक्याच्या लेकराच्या पोटात गेलं, तं पाप कोनाले? तुले नाई, मले.”

बाकावर केळझरचे प्रभाकरराव बोंडा संपवत बसले होते. निवृत्त तलाठी, गाडीला वेळ असला की इथेच टेकायचे. “म्हणूनच आम्ही इथं उतरतो,” ते म्हणाले. “असा माणूस नाही तालुक्यात.”

“ते तं खरं,” कैलास म्हणाला. “पण मंग एवढं तेल जाते कुठं? नालीत तं तुमी ओतत नाई.”

“नालीत काऊन ओतू? खायाची चीज हाय. घरी जाते.”

“घरी?” कैलासने डोळे मोठे केले. मग तो खो-खो हसला. “म्हंजे परक्याच्या पोटात गेलं तं पाप, अन् काकूच्या पोटात गेलं तं?”

प्रभाकररावांना हसताना ठसका लागला. मोतीलालजीही हसले, “घरचे लोक पक्के हायेत, लोहा पचवते,” म्हणाले. कौशल्याबाईही पदर तोंडाशी धरून हसल्या. धीरज तेवढा हसला नाही. त्याने मयुरीकडे बघितलं आणि मग गल्ल्याची काच पुसू लागला, जी स्वच्छच होती.

मयुरी उभीच होती. तिला राग आला नाही. एका टेम्पोवाल्याने जाता जाता, चेष्टेत, तिचं नऊ वर्षांपूर्वीचं वाक्य बोलून टाकलं होतं आणि आकाश कोसळलं नव्हतं. लोक हसले होते, एवढंच. हसून झाल्यावर ते वाक्य गेलं, कुठे राहिलं नाही. चेष्टेत बोललेलं राहत नाही, हे तिला दिसलं.

कैलास गेला. प्रभाकररावांची गाडी लागली, तेही गेले. मोतीलालजींनी किटलीचं झाकण दाबून बसवलं, कड फडक्याने पुसली आणि रोजच्यासारखी मयुरीसमोर धरली.

“घे बेटा. आज दोन खेप फडक्यातून गायलं. एकदम साफ. काय म्हनलं डॉक्टरीननं?”

“तळलेलं बंद म्हने,” कौशल्याबाईंनी सांगितलं.

“ते तं आपन खातच नाई.”

“मीबी तेच म्हनलं.”

मयुरीने हात पुढे केला नाही. मोतीलालजींनी किटली जरा पुढे सरकवली, तिला दिसली नसेल म्हणून.

“मामाजी, आईचे आकडे वाढले,” ती म्हणाली. “लिव्हरवर चरबी आहे. सहा आठवड्यांत उतरले नाई तर गोळी बंद. दुसरी गोळी नाई राह्यली देण्यासारखी.”

मोतीलालजींनी बायकोकडे बघितलं. “बंद म्हंजे?”

“हात जाईन म्हनते,” कौशल्याबाई म्हणाल्या, साधेपणाने.

“डॉक्टरांनी मला विचारलं, तेल कुठलं वापरता,” मयुरी म्हणाली. “मी सोयाबीनचं म्हटलं.”

“बराबर तं सांगतलं. पुडा सोयाबीनचाच हाय.”

“मी लपवलं, मामाजी. दिवसभर भट्टीवर उकळलेलं, हे नाई सांगितलं.”

“मयुरी,” धीरज गल्ल्यावरून म्हणाला, “घरी जाऊन बोलू ना.”

“घरीच बोलणार होता तुम्ही,” ती त्याच्याकडे न वळता म्हणाली. आवाज चढला नव्हता. “नऊ वर्षं झाली.”

धीरजने हातातलं फडकं खाली ठेवलं.

“काय नऊ वर्षं? कोन काय बोलनार होतं?” मोतीलालजींनी एकाकडून दुसऱ्याकडे बघितलं. किटली अजून हातातच होती. “कोनी सांगन का मले?”

“मी हे तेल शाळेत तपासलं होतं. तीनदा. ते खाण्याजोगं राह्यत नाई. आईचा आजार यानं झाला असं मी म्हणत नाई, तो यानं झाला नाई. पण आत सूज आहे, लिव्हर थकलं आहे, अन् त्याच्यावर मी रोज हे घालते. सकाळी पळीभर, संध्याकाळी पळीभर. मी घालते, मामाजी. तुम्ही नाई.”

“माह्या मायनं याच तेलात सारं घर पोसलं.” मोतीलालजींच्या आवाजात राग कमी होता, गोंधळ जास्त. “आमी मेलो का? मंग काय करू म्हंतं तू? कैलासले देऊ? का रस्त्यावर ओतू? आन्न हाय ते!”

“कैलासले तुम्ही काऊन नाई देत?” मयुरीने विचारलं.

“सांगतलं ना आत्ता. लोकाच्या पोटात…”

ते थांबले. वाक्य त्यांचंच होतं, रोजचं, पाठ झालेलं. पुढचे शब्द त्यांना माहीत होते. त्यांनी ते उच्चारले नाहीत. बाहेर नागपूरची बस लागली, कंडक्टर ओरडला, दोघे-तिघे धावले. कौशल्याबाई बाकावरून नवऱ्याकडे बघत होत्या, जणू कितीतरी वर्षांनी त्यांना त्याला काहीतरी विचारायचं होतं आणि प्रश्न नीट जुळत नव्हता.

“तुमाले ठाऊक होतं का हो?” शेवटी त्यांनी विचारलं. “का ते खराब असते?”

“लोकासाठी खराब वाटे मले,” मोतीलालजी म्हणाले. “घरासाठी… तसा इचारच नाई केला, कौशल्या. तुहीच शपथ.”

मयुरीला त्यांचं खरं वाटलं. ते खोटं बोलणारे नव्हतेच, कढईच्या बाबतीत तर नाहीच. म्हणूनच तर इतकी वर्षं तिची जीभ उचलली नव्हती. खोट्या माणसाशी भांडता येतं. तिला भांडायचं नव्हतं, आणि आता बोलणं टाळायचं कारणही उरलं नव्हतं. नुसता एक दिवस संपत आला होता आणि रात्रीचा स्वयंपाक व्हायचा होता.

मोतीलालजींनी किटली पुन्हा थोडी वर उचलली. देण्यासाठी की परत ठेवण्यासाठी, ते त्यांनाही ठरवता येत नव्हतं. “मंग आजची तं ने,” ते हळूच म्हणाले. “उद्याचं उद्या पाहू.”

“मामाजी,” मयुरी म्हणाली, “या तेलात मी आता स्वयंपाक करणार नाई.”